तीन नंबरच्या खाटेवरची मेट्रन

"ती पेशंट नाहीय," मी वैजयंतीला म्हणाले. "ती पुण्याची मेट्रन आहे."

वैजयंती शिरगुप्पे हॉस्टेलच्या गच्चीवर आपला पांढरा युनिफॉर्म वाळत घालत होती. चिमटा धरलेला तिचा हात तसाच वर राहिला.

"कोण?"

"फीमेल वॉर्डात तीन नंबरला काल दुपारी आली ना, ती. चष्म्याला साखळी लावलेली."

"तिला चक्कर येते म्हणून घेतलंय."

"येते असं ती म्हणते," माझ्या मागून फिलो म्हणाली. "बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल, कार्डिओग्राम नॉर्मल. सोबत माणूस नाही. मनगटावर घड्याळ. आणि सारखी ते बघून आपल्याकडं बघते. चक्कर येणाऱ्या बाईला आपल्या ड्युटीच्या वेळा कशाला पाहिजेत?"

फिलो म्हणजे फिलोमिना बारदेस्कर, आजऱ्याची, माझी रूममेट. थाप मारताना तिच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलत नसे. मला मात्र अशा वेळी हसू आवरण्यासाठी गालाच्या आतल्या बाजूचा चावा घ्यावा लागे. त्या दिवशी मी तो इतका जोरात घेतला की रात्री आमटी झोंबली.

वैजयंतीनं चिमटा खाली ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगेल का? त्या मोठ्या हॉस्पिटलांची पद्धतच असते ती," फिलो म्हणाली. "इंटरव्ह्यूत सगळ्याच पोरी गोड बोलतात. खरी परीक्षा खाटेवर पडून घेतात. पण तू कुणाला बोलू नकोस हं."

वैजयंती कुणाला बोलली नाही. फक्त तिच्या रूमवरच्या दोघींना बोलली. संध्याकाळच्या चहापर्यंत आमच्या वर्गातल्या झाडून सगळ्या पोरींना ते कळलं होतं, आणि सगळ्याजणी ते एकमेकींपासून लपवत होत्या.

ही गोष्ट गडहिंग्लजची, मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते तेव्हाची. एका ट्रस्टचं जुनं हॉस्पिटल, त्याच आवारात आमची शाळा आणि मागं हॉस्टेल. परीक्षा झाली होती आणि येत्या सोमवारी पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलची माणसं मुली निवडायला येणार होती. ती नोटीस लागल्यापासून हॉस्टेलात कुणाला अन्न गोड लागेना. एकीच्या स्वप्नात रोज पेशंट यायचा आणि त्याच्या हाताला शीरच नसायची. दुसरीनं मेसच्या आचाऱ्याकडून दुधीभोपळा मागून आणला होता आणि ती त्याला बसल्या बसल्या इंजेक्शनं द्यायची. शेवटी त्या भोपळ्याची भाजी झाली तेव्हा कुणी ती खाल्ली नाही. वैजयंती पहिली यायची, तरी ती न्हाणीघरात अंगावर पाणी घेत मोठ्यानं औषधांचे डोस म्हणायची. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या आम्हाला ते ऐकून आपल्याला काहीच येत नाही याची खात्री पटायची. तिनं आठवड्यापूर्वी मला आणि फिलोला तोंडावर सांगितलं होतं की तुम्हा दोघींना पुण्याचे लोक घेणार नाहीत, तुम्ही सिरियस नाही. मेट्रनची थाप जन्माला आली ती त्या वाक्यामुळं.

मी सिरियस नव्हते हे खरं नव्हतं. तीन वर्षांत मी इंजेक्शनं दिली होती, सलाईनं लावली होती, जखमा धुतल्या होत्या. पण प्रत्येक वेळी माझ्या खांद्यामागं कुणीतरी उभं होतं. वॉर्डच्या घाटगे सिस्टर नाहीतर शाळेच्या मॅडम. "हं," असं त्या म्हणाल्या की माझा हात पुढं जायचा. ते "हं" पुण्यात कोण म्हणणार, हा विचार माझ्या मनातून जात नसे. तो मी फिलोलासुद्धा सांगितला नव्हता. आम्ही दोघी फक्त हसायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गंमत बघायला वॉर्डात लवकर गेलो.

वैजयंती आमच्याही आधी पोचली होती. तीन नंबरच्या खाटेची चादर अशी ताणून बसवली होती की तिच्यावर नाणं टाकलं असतं तर उडालं असतं. खाटेवरची बाई, आक्काताई मगदूम, पाठीमागं दोन उशा घेऊन राणीसारखी बसली होती. पन्नाशीची, अंगानं भरलेली, हिरवं काठापदराचं पातळ, कपाळाला मोठं गोंदण. तिच्या हातात आल्याचा चहा होता. पेशंटांना मिळतो तो पाण्यासारखा नव्हे, हॉस्टेलच्या स्टोव्हवर केलेला.

"साखर बरी आहे का, मॅडम?" वैजयंती विचारत होती.

बाईनं एक क्षण तिच्याकडं बघितलं. "उद्या अर्धा चमचा जास्त घाल," ती म्हणाली.

मी आणि फिलो लिननच्या कपाटामागं गेलो आणि एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसलो.

त्या दिवशी दर थोड्या वेळानं कुणी ना कुणी तीन नंबरपाशी दिसे. एकीनं तिचे केस विंचरले. एकीनं पाय चेपले. एकीनं तिला ब्लडप्रेशर म्हणजे काय ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं आणि बाईनं ते डोळे मिटून ऐकलं. बरं, बाकीच्या खाटांकडं दुर्लक्ष करावं तर मेट्रन बघत होती. म्हणून बाकीच्या खाटांच्याही चादरी ताणल्या गेल्या, बाकीच्यांचेही केस विंचरले गेले, आणि महिनाभर कुरकुरणारी मागची खिडकी कुणीतरी तेल घालून नीट केली. घाटगे सिस्टर वॉर्डभर फिरून आल्या आणि मला म्हणाल्या, "रोहिणी, कुणी मंत्री येणारेय का गं?"

दुपारच्या गोळ्या द्यायची पाळी माझी होती. मी तीन नंबरपाशी ट्रॉली थांबवली आणि गोळी पुढं केली.

बाईनं हात पुढं केला नाही.

"माझं नाव काय?" तिनं विचारलं.

"आक्काताई मगदूम."

"ते तू मला विचारायचंस का मी तुला? दुसरीची गोळी असली म्हणजे?"

मी चपापले. पेशंटला त्याचं नाव विचारून मगच औषध द्यायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलेलं. तिसऱ्या वर्षी ते कुणी पाळत नसे.

"आणि हात धुतलेस?"

मी जाऊन हात धुऊन आले. फिलो शेजारच्या खाटेचा ताप बघत होती. तिच्याकडं वळून बाई म्हणाली, "तू गं. कचऱ्याच्या पिवळ्या बादलीत काय टाकायचं असतं?"

फिलोनं थर्मामीटर झटकता झटकता उत्तर दिलं. ते बरोबर होतं, पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

आम्ही बाहेर जिन्यात येऊन उभ्या राहिलो.

"रोहिणी," फिलो म्हणाली, "आपण थाप मारली होती ना?"

"हो."

"नक्की ना?"

"अगं, गच्चीवर जाताना जिन्यात ठरवली. तूच म्हणालीस, साखळीवाल्या बाईचं नाव घेऊ."

"मग हिला पिवळी बादली कशी माहीत?"

त्यातून संध्याकाळी जे ऐकलं त्यानं माझी उरलीसुरली खात्रीही गेली. मी पडद्याआड चार नंबरच्या गौरव्वांचं अंथरूण बदलत होते. पलीकडं आक्काताई मोबाईलवर बोलत होती.

"आज किती आहेत? चाळीस? आणि बायका किती आल्यात कामाला? दोघीच? मग रजा कुणी दिली? मला विचारल्याशिवाय रजा द्यायची नाही म्हणून सांगितलं होतं. हे बघ, म्हाताऱ्यांचं आधी उरकून घे, त्यांना मागनं गोळ्या घ्यायच्या असतात. कोपऱ्यातल्या मास्तरांना मीठ कमी, त्यांना बीपी आहे. कुणी आवाज चढवला तर उलट बोलू नका. ऐकून घ्यायचं. मी सोमवारी आहेच."

सोमवारी. माझ्या हातातली उशी खाली पडली.

त्या संध्याकाळी मी स्वतः जाऊन बाजारातून आलं आणलं.

शनिवार उजाडला. वॉर्डात मी, फिलो आणि घाटगे सिस्टर अशा तिघी होतो. नाश्ता होऊन गेला आणि थोड्या वेळानं ऑपरेशनच्या पेशंटला न्यायला बोलावणं आलं. स्ट्रेचरबरोबर सिस्टर निघाल्या. "लक्ष ठेवा, आलेच," एवढं म्हणाल्या. डॉक्टरही तिकडंच होते. एरवी त्या गेल्या की मी आणि फिलो जरा सैल व्हायचो. पण त्या दिवशी तीन नंबर जागी होती, म्हणून आम्ही दोघी ताठ उभ्या होतो.

चार नंबरच्या गौरव्वा संकेश्वरकडच्या, साठीच्या. मधुमेहाच्या. बोलायच्या कमी, बोलल्या तर निम्मं कानडी. त्यांची सून जवळ असायची. त्या सकाळी गौरव्वा एकदम बडबडायला लागल्या. आधी कुणाला तरी हाक मारली, मग शिव्या सुरू झाल्या. सून स्टुलावर शांत बसून होती.

"काय झालं यांना?" मी विचारलं.

"काही नाही ओ. शनिवारी असंच करतात. अंगात येतं त्यांच्या," ती म्हणाली.

मी गौरव्वांचा हात धरला. तो गार होता आणि घामानं ओला. कपाळ ओलं, केस ओले, चोळीची बाही ओली. हात माझ्या मुठीत थरथरत होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण मला बघितलं नाही.

"यांनी सकाळी खाल्लं का?"

"उप्पीट आलं होतं की."

"यांनी खाल्लं का?"

सुनेनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "शनिवारचा उपास असतो त्यांचा. मीच खाल्लं. डॉक्टर रागावतात म्हणून सांगितलं नाही."

सकाळचं इन्सुलिन गौरव्वांना मीच दिलं होतं, घाटगे सिस्टरांच्या "हं"वर. पोटात काही नाही आणि अंगात इन्सुलिन. पुस्तकातलं ते पान मला डोळ्यांसमोर दिसत होतं, अगदी कोपऱ्यात फिलोनं काढलेल्या मांजरासकट. पण पान दिसणं वेगळं आणि हात पुढं जाणं वेगळं.

"फिलो, मशीन," मी म्हणाले.

फिलोनं शुगर बघायचं मशीन आणलं. मी बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. आकडा आला एकेचाळीस. निरोगी माणसाची उपाशीपोटीसुद्धा सत्तरच्या वर असते.

"डॉक्टरांना बोलाव, थिएटरात जा, पळ," मी म्हणाले आणि फिलो पळाली. कॉरिडॉरमध्ये पळायचं नाही असा नियम होता, तो ती इतर वेळी मोडायची तेव्हा ओरडा खायची.

मी ट्रॉलीवरचा ग्लुकोजचा पुडा फोडला, भांड्यात पाणी घेतलं, ढवळलं. गौरव्वांना आधार देऊन बसवलं. "गौरव्वा, आवंढा गिळा बघू," म्हटलं. त्यांनी शिवी दिली, पण आवंढा गिळला. गिळता येत होतं. मी भांडं त्यांच्या ओठांशी नेलं, आणि सुनेनं माझं मनगट पकडलं.

"काय पाजताय?"

"ग्लुकोज. साखर आहे."

"त्यांना शुगर आहे ओ. साखर काय पाजताय? डॉक्टरांनी चहातसुद्धा घालू नका म्हणून सांगितलंय. माणूस मारायचंय का तुम्हाला?"

"त्यांची साखर उतरलीय, म्हणून."

"तुम्ही शिकाऊ ना? मोठ्या सिस्टर येऊ देत."

ती रडकुंडीला आली होती आणि तिची पकड मात्र घट्ट होती. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं उठून बसली. कुणीतरी म्हणालं, "बाई बरोबर बोलतीय, शुगरवाल्याला साखर विष." गौरव्वांचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडायला लागलं होतं. शिव्या बंद झाल्या होत्या, आणि त्या बंद झालेल्या मला अजिबात आवडल्या नाहीत. थांबले तर त्या गिळण्याच्या पलीकडं जाणार हे मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी, इतकी माणसं नको म्हणत असताना, जे ठाऊक होतं तेही मला खात्रीचं वाटेना.

मी तीन नंबरकडं बघितलं.

आक्काताईंनी चहाची बशी खाली ठेवली होती. चष्मा नाकावर होता. त्या सरळ माझ्याकडं बघत होत्या.

"मॅडम," मी म्हणाले. मी त्यांना पहिल्यांदाच तसं म्हटलं. "देऊ ना?"

त्यांनी एकदा गौरव्वांकडं बघितलं, एकदा भांड्याकडं.

"दे," त्या म्हणाल्या. मग सुनेकडं वळून, आवाज जराही न चढवता, "तिचा हात सोड गं. तिला कळतंय ती काय करतीय ते."

सुनेनं हात सोडला. त्या आवाजापुढं मीसुद्धा काहीही सोडलं असतं.

मी घोट घोट पाजायला लागले. पहिला घोट निम्मा हनुवटीवरून ओघळला. दुसरा गेला. तिसरा गेला. मी त्यांची हनुवटी धरून बोलत राहिले, काय बोलले ते आठवत नाही. भांडं संपलं, मी दुसरं ढवळलं. थोड्या वेळानं गौरव्वांच्या हाताची थरथर कमी झाली. मग त्यांनी मान आपली आपण उचलली. मग डोळे माझ्यावर आले आणि या वेळी त्यांनी मला बघितलं.

जिभेनं ओठ चाटून त्या म्हणाल्या, "गोड कुणी घातलं तोंडात? माझा उपास आहे."

"साखर उपासाला चालते," तीन नंबरवरून निर्णय आला.

मी पुन्हा थेंब घेतला. आकडा वर चढला होता. तेव्हा कुठं मी खाटेच्या कडेला बसले. पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही असाही नियम होता.

डॉक्टर आले ते डोक्यावरची हिरवी टोपी तशीच घालून. मागं घाटगे सिस्टर, त्यांच्या मागं धापा टाकत फिलो. डॉक्टरांनी गौरव्वांना तपासलं, मशीनवरचे दोन्ही आकडे बघितले.

"ग्लुकोज द्यायला कुणी सांगितलं?"

मी तीन नंबरकडं बघितलं. आक्काताईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघत मान अगदी थोडी, नकारार्थी हलवली. मला कळलं. गुप्तपणे आलेल्या बाईचं नाव उघड करायचं नव्हतं.

"मीच दिलं, सर."

"चांगलं केलंस. आम्ही येईपर्यंत थांबली असतीस तर अवघड होतं." मग त्यांनी सुनेला उपासाबद्दल असं झापलं की तिनं तिथल्या तिथं सासूला पेज भरवायला घेतली. ते गेल्यावर घाटगे सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. माझी पाठ थोपटतील असं वाटलं होतं. "इन्सुलिनच्या आधी पेशंटनं खाल्लं का, हे ताटाकडं बघून नाही, पेशंटकडं बघून विचारायचं. माझंही चुकलं, तुझंही," एवढं बोलून त्या हात धुवायला गेल्या.

मला त्याचंही काही वाटलं नाही. रविवारचा सगळा दिवस मी हवेत होते. पुण्याच्या मेट्रनसमोर मी पेशंट वाचवला होता. फिलो म्हणाली, "तुझं तर झालंच. आता माझ्यासाठी एखादा पेशंट बिघडव."

सोमवारी सकाळी शाळेच्या हॉलबाहेर आम्ही ओळीनं बसलो होतो. वैजयंतीच्या साडीच्या निऱ्या कागदासारख्या दिसत होत्या. तिचं झाल्यावर ती बाहेर आली ती कुणाशी न बोलता तोंड पुसतच गेली. मग माझं नाव पुकारलं.

टेबलामागं एक टाय लावलेले गृहस्थ होते, आणि त्यांच्या शेजारी एक सडपातळ, गोरी, पांढऱ्या केसांची बाई. पुढ्यातल्या पाटीवर नाव होतं आणि नावाखाली मेट्रन असं लिहिलं होतं. खोलीत तिसरी खुर्ची माझी होती. मी दारामागंसुद्धा बघितलं.

"कुणाला शोधताय?" बाईंनी विचारलं.

"नाही, मॅडम."

त्यांनी डोसबिस काही विचारलं नाही. गाव कुठलं, घरी कोण, रात्रपाळी चालेल का. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "एखाद्या पेशंटची तब्येत अचानक बिघडली आणि तुम्ही सांभाळलं, असं काही घडलंय?"

मी गौरव्वांचं सगळं सांगितलं. घाम, शिव्या, एकेचाळीस, सुनेनं धरलेलं मनगट. सांगताना मला जाणवत होतं की या बाई पहिल्यांदाच ऐकताहेत.

"आणि त्या वेळी वॉर्डात सीनियर कोण होतं?"

आक्काताईंचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी मागं घेतलं. टायवाले गृहस्थ माझ्याकडं बघायला लागले.

"कुणी नव्हतं, मॅडम," मी म्हणाले.

माझा इंटरव्ह्यू संपल्याबरोबर मी साडीच्या निऱ्या हातात धरून वॉर्डाकडं पळाले. तीन नंबरची खाट आवरलेली होती. आक्काताई पिशवीत डबा आणि टॉवेल भरत होत्या. त्यांना त्याच सकाळी डिस्चार्ज मिळाला होता.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"आता विचारतीस?" त्या हसल्या. "बस. संकेश्वरला स्टँडमागं माझी खानावळ आहे. चाळीस ताटं जेवतात रोज."

मी गौरव्वांच्या खाटेचा कठडा धरला. "मग ती पिवळी बादली?"

त्यांनी हनुवटीनं समोरची भिंत दाखवली. तिथं हात धुण्याचा, नाव विचारून औषध देण्याचा आणि बादल्यांचा असे तीन तक्ते लावलेले होते. तीन वर्षं आम्ही त्यांच्यासमोरून जात-येत होतो.

"पडल्या पडल्या दुसरं काय वाचणार? दुसऱ्या सकाळी त्या इस्त्रीवाल्या पोरीनं मला मॅडम म्हटलं. मग एकीनं कानात विचारलं, पुण्याला रजा किती मिळते. मी म्हटलं, कामावर अवलंबून असतं. तुम्ही मला कोण समजताय ते दुपारपर्यंत कळलं. आणि खरं सांगू? नवरा गेल्यापासनं मी दुसऱ्यांनाच वाढत आले. मला कुणी आयता चहा दिलेला आठवत नाही. चक्कर एकदाच आली होती, बाकीच्या मी डॉक्टरला सांगितल्या."

"पण ग्लुकोज द्यायचं ते? शनिवारी? तुम्ही 'दे' म्हणालात."

"म्हणाले."

"तुम्हाला कसं कळलं की ते बरोबर आहे?"

आक्काताईंनी पिशवीचे बंद बांधले. "मला काय कळतंय त्यातलं? मला तर वाटलं तू चुकतीयस. शुगरवालीला साखर, काळजात धस्स झालं माझ्या."

"मग तुम्ही..."

"तू सगळ्यांसमोर मला मॅडम म्हणून विचारलंस. मी गप्प बसले असते तर सगळं उघडं पडलं असतं. दुसऱ्या दिवसापासनं आल्याचा चहा बंद."

शेजारच्या खाटेवर गौरव्वा पाठ टेकून बसल्या होत्या आणि सून त्यांना केळं सोलून देत होती. मला आधी राग आला, मग हसू आलं. ते आवरायला मी गालाचा चावा घेतला नाही. मी इतकी हसले की घाटगे सिस्टर आपल्या टेबलापासून उठून बघायला आल्या, आणि आक्काताईही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

मी त्यांची पिशवी घेऊन गेटपर्यंत गेले. रिक्षात बसताना त्यांनी विचारलं, "घेतलं का तुला पुणेवाल्यांनी?"

"अजून सांगितलं नाही. संध्याकाळी कळेल."

"घेतील," आक्काताई म्हणाल्या. शनिवारी म्हणाल्या होत्या त्याच आवाजात.

त्यांना यातलं काही म्हणजे काही कळत नाही, हे मला आता पक्कं ठाऊक होतं. तरी माझा जीव भांड्यात पडला.